तळाचा आवाज

सिनेमाच्या सेटवर आवाज टिपणाऱ्याला रोज एकदा तरी सगळ्यांना गप्प बसवावं लागतं. सीन संपलेला असतो, लाइटवाले स्टँड उचलायच्या घाईत असतात, प्रॉडक्शनला पुढचं लोकेशन गाठायचं असतं आणि नेमका तेव्हा मी हात वर करतो : "रूम टोन घेतोय, कुणी हलू नका." फ्रिज बंद, पंखा सीनमध्ये होता तसाच, माणसं जिथल्या तिथे. तीस सेकंद, जमलं तर मिनिटभर. त्या खोलीचा, त्या वेळेचा, कुणीही बोलत नसतानाचा आवाज. पुढे संकलनात दोन संवादांमधली फट याच आवाजानं भरतात. तो मिळाला नाही तर काय बिघडलं हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण पडद्यावरची खोली त्याला खोटी वाटायला लागते.

या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. सिनेमा बघताना एकाएकी अंगावर काटा येतो, गाणं ऐकता ऐकता गळा दाटतो, खाडीकाठी नुसतं उभं असताना काहीतरी लख्ख उमजतं. त्या क्षणी बाहेरून नवं काही येत नाही. वर चाललेलं काहीतरी थांबतं आणि सगळा वेळ तळाशी असलेलं कानावर पडतं.

आमच्या घणसोली गावात हे कळणं अवघड, कारण इथे वरचं थांबतच नाही. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसी, तिकडेच २००४ मध्ये सुरू झालेली ठाणे-वाशी लोकल, पश्चिमेला सिडकोचे सेक्टर, त्यांच्यापलीकडे तिवरं आणि खाडी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढे आमच्या आधीच्या पिढीची भातशेती संपादनात गेली. उरलेल्या गावठाणात गरजेपोटी मजल्यावर मजले चढले. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून आपल्या घरातलं कुणीतरी गॅस बंद करायला उठतं, इतक्या भिंती जवळ आल्यात. मी शूटिंगहून परत आलो की कान या आवाजात बुडतात, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. तो आमच्या जगण्याचा आवाज आहे.

पण गावात हरिनाम सप्ताह बसला की रात्री दहानंतर वेगळं काहीतरी घडतं. नियमाप्रमाणे भोंगा बंद होतो. दिवसभर कर्ण्यातून फाटलेला येणारा आवाज संपतो, आणि देवळात माणसं, टाळ, पखवाज आणि वीणा एवढीच उरतात. मला पखवाज टिपायचा होता, म्हणून एका रात्री रेकॉर्डर घेऊन जागराला जाऊन बसलो. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे धुमाला, ओली कणीक थापतात. ती जितकी ओली आणि जड, तितका धुमाचा नाद खोल. रात्र चढते तशी कणीक सुकते, आवाज हळूहळू वर सरकतो आणि कोरडा पडतो. वाजवणाऱ्याला तो आधी बोटात कळतो, मग आपल्याला कानात. उत्तररात्री केव्हातरी आमच्या पखवाजीनं हात थांबवला, सुकलेली कणीक नखानं खरवडली, वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि नवा गोळा मळायला घेतला. टाळकऱ्यांनी टाळ मांडीवर ठेवले. कुणी चहाला उठलं.

हेडफोनमध्ये राहिली फक्त वीणा.

गळ्यात अडकवलेली, उभ्या माणसाच्या एका बोटानं छेडलेली, मोकळ्या तारांची. संध्याकाळपासून ती चालूच होती. पहारे बदलले, माणसं बदलली. प्रत्येक वेळी देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांना नमस्कार केला आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. मी ती पाहत होतो, ऐकत मात्र नव्हतो. त्या थांब्यात ती ऐकू आली आणि पाठीवरून शहारा गेला. घरी येऊन सगळं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. प्रत्येक अभंगाचा पहिला सूर तिच्यातूनच उचललेला होता. टाळांच्या गजरात कान देऊन शोधली तर तिथेही होती. रात्री मी तिच्याकडे टक लावून उभा राहिलो तेव्हा विणेकरी आजोबा एवढंच म्हणाले होते, "भजन थांबला तरी चालंल. वीना खाली ठेवाची नाय."

रूम टोन म्हणजे काय, हे मी पुस्तकातून शिकलो होतो. तो कशासाठी असतो, ते मला या वाक्यातून कळलं.

त्यानंतर मी 'कुंकू' पुन्हा पाहिला. व्ही. शांताराम, प्रभात, १९३७. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, तोही प्रभातचाच. म्हणजे मराठी पडद्याला वाचा फुटून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत काढून टाकलं. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना! प्रसंगाखाली वाद्यवृंद नाही, घरातलेच आवाज. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या, काकासाहेबांच्या, गळ्यात बांधलेली शांता आपटेंची ती मुलगी त्या घरात वावरते तेव्हा तिची बाजू घ्यायला एकही व्हायोलिन येत नाही. काकासाहेबांच्या भिंतीवरचं जुनं घड्याळ मात्र असतं. शिकत असताना पाहिला तेव्हा मला हा सिनेमा कोरडा वाटला होता. सप्ताहाच्या त्या रात्रीनंतर पाहिला आणि त्या घरात बसवेना. संगीत असतं तर माझ्या वतीनं ते रडलं असतं आणि मी मोकळा झालो असतो. ते नाही, म्हणून तिच्याबरोबर मीही त्या वाड्यात अडकलो.

याच्या नेमकं उलट सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'त (१९५५) केलं. मुलगी दुर्गा गेलीय हे ठाऊक नसलेला हरिहर परत येतो, तिच्यासाठी आणलेली साडी पुढे करतो आणि तिची आई सर्वजया कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा टाहो कानावर येत नाही. त्या जागी तारशहनाई उंच सुरात कळवळते. एकानं संगीत काढलं, दुसऱ्यानं रडणं. पण दोघांनाही काढायचं काय, हे ठाऊक होतं. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी अक्कल नाही. हल्ली मिक्सिंगला बसल्यावर ट्रॅकवर ट्रॅक चढवायची सोय आहे आणि भीतीपोटी आपण सगळे चढवतो. प्रेक्षक कंटाळेल, त्याला कळणार नाही, म्हणून. यावर मी आता दिग्दर्शकांशी मनापासून भांडतो.

कुमार गंधर्वांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. क्षयानं गाणं थांबलं, देवासला अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कानावर वर्षानुवर्षं माळव्याची लोकगीतं पडत राहिली आणि पुढे त्या धुनांमधून त्यांनी राग उभे केले. ती गीतं माळव्यात आधीपासून होतीच. गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज थांबला होता, तेव्हा ती पोचली.

आता खाडी. ठाणे खाडीच्या पश्चिम बाजूचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ ठरलं. लोक येतात ते गुलाबी थवे बघायला. त्यांनी यावंच. मी जातो चिखल ऐकायला. ओहोटीला पाणी मागे सरलं की तिवरांच्या पुढचा चिखल उघडा पडतो आणि बोलायला लागतो. बारीक टिचटिच, फुटणारे बुडबुडे, बिळातून बाहेर येणारे खेकडे, निवट्यांच्या उड्या. एकेक आवाज कानाजवळ धरला तरच ऐकू येईल इतका लहान, पण एकरांवर पसरलेला, म्हणून दाट. त्याच्यावर दूरवर फ्लेमिंगोंचा बदकांसारखा गलबला आणि त्याहून दूर ऐरोलीच्या पुलावरची वाहतूक.

एका पहाटे भरती लागायची वाट बघत होतो. समुद्रावर भरती लाटांनी कळते. खाडीत लाट नसते, पाणी ओढ्याओढ्यांतून गुपचूप वर चढतं. माइकला ते ऐकू यायचं कसं? हेडफोन लावून उभा होतो आणि डाव्या कानातली टिचटिच विरळ झाली. मला वाटलं केबल हलली. मग ती मावळली. थोड्या वेळानं मधली गेली. मग उजवीकडची कमी व्हायला लागली. अंधारात काही दिसत नव्हतं, पण पाण्याची कड कुठून कुठे सरकतेय ते मी बोटानं दाखवू शकलो असतो. पाणी पोचत होतं तिथे चिखल गप्प होत होता. भरतीचा आवाज तो हाच. इतकी वर्षं मी त्यात पाण्याचा खळखळाट शोधत होतो. मी कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो, बूट भिजले तेव्हा भानावर आलो.

बाबांना सकाळी हे सांगितलं. त्यांनी तरुणपणी या खाडीत जाळी लावलीत. त्यांना यात नवल वाटलं नाही. "चिखोल गप झाला का पाय काढाचा," म्हणाले. "कंदील काय कामाचा, पानी उजेडात आधी दिसत नाय." मग त्यांनी मला भरतीचा हिशेब समजावला, जो आमच्या किनाऱ्यावर सगळ्या जुन्या माणसांना येतो : तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, आली ती भरतीची वेळ. एकादशीला अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, सव्वाआठ. खाडीत आत थोडं उशिरा. म्हणजे दोन-अडीचच्या सुमारास ओहोटीचा तळ, आणि पाणी परतायला लागतं ते पुलावरच्या गाड्या सर्वांत विरळ असताना. आवाज टिपायला याहून चांगली वेळ नाही. मोबाइलमधल्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. थोडा मागेपुढे, पण हिशेब जमतो. माझ्या बॅगेत आता सुट्या बॅटऱ्यांबरोबर कालनिर्णयही असतं, आणि खाडीच्या प्रत्येक फाइलच्या नावात तारखेआधी तिथी लिहिलेली असते.