आणेवारी

आमच्या मंगळवेढा तालुक्याचे दोन भाग आहेत. कागदावर तालुका एकच, पण पायाखालची माती तसं म्हणत नाही. उत्तरेला भीमेच्या अंगाला काळीभोर रानं. मैल-मैल सपाट, बांधावर झाड नाही. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की कोकराचा पाय आत जावा. हत्तीचा एक पाऊस नीट झाला, की ती माती पोटात ओल धरून ठेवते आणि तेवढ्यावर मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच होते. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या माणसांना त्याचं नवल वाटलं नाही. भाकरी खाल्ली की कळतंच, कागद कशाला, असं म्हणणारी ही माणसं.

दक्षिणेला जतच्या बाजूला सरकलं की माती पातळ होत जाते. कुदळ मारली की मुरूम लागतो. पाऊस पडला तरी निथळून जातो. बोलण्यात कानडी शब्द मिसळतात. आमचं गाव या पट्ट्यातलं. काळीवाले आम्हाला ‘माळावरचे’ म्हणायचे.

राज्यं बसली ती काळीच्या जिवावर. कल्याणीला जाण्याआधी कलचुरींची राजधानी इथंच होती. इथल्याच गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा गेले. आणि पंधराव्या शतकात बहामनी अमलात दामाजीपंत इथले अंमलदार होते. दुष्काळ पडला, माणसं टाचा घासून मरायला लागली, तेव्हा पंतांनी सरकारी कोठारं खुली केली. बेदरच्या बादशहानं त्यांना धरून न्यायला माणसं पाठवली आणि मग विठू महार होऊन देवानं धान्याचे पैसे भरले, अशी कथा. कीर्तनात बुवा देवापाशी यायचे, तेव्हा सगळे हात जोडायचे. माझे आजोबा – आम्ही त्यांना आबा म्हणायचो – त्याच्या आधीच डोळे पुसायचे. म्हणायचे, “देव तर येणारच की. पर किल्ली फिरवताना पंताचा हात कापला नसंल का?”

पुढं तालुका पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. सांगली इथून शंभर किलोमीटरच्या वर, मध्ये दुसऱ्यांचा मुलूख. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि आम्ही सोलापूर जिल्ह्यात आलो. आबा मात्र मरेपर्यंत सारा भरायला निघाले की ‘सरकारचं देणं’ म्हणायचे आणि कुठलं सरकार ते सांगायचे नाहीत. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती सुरू झाली. त्याच सुमारास मुलकी पाटीलकी गेली, तलाठी राहिला. गावात माणसं बदलली, पण वर्षाचा खरा निकाल एकाच आकड्यावर लागायचा, आणि तो म्हणजे आणेवारी.

पीक सोळा आणे आलं म्हणजे भरपूर. त्यातलं किती आणे आलं ते ठरवायचं. रानातला ठरावीक मापाचा तुकडा कापायचा, मळायचा, दाणे मोजायचे, पंचांपुढं लिहायचं. आकडा जितका खाली, तितकी सवलत जास्त. सारा तहकूब, तगाई, दुष्काळी काम. आणे जाऊन पैसे आले, पैसेवारी म्हणायला लागले, आणि पन्नास पैशांच्या आत म्हणजे दुष्काळ असं झालं. पण म्हातारी माणसं आणेच बोलायची.

मी चौथीत असेन. त्या साली हत्तीनं दगा दिला होता. ज्वारी गुडघ्याला येऊन वाळली. साहेब आले, पंच जमले. आकडा गावाचा मिळून निघतो, त्यामुळं ओढ्याकाठचं एखादं हिरवं रान सगळ्या गावाला वर ओढतं. माळावरचं रान कापायचं ठरलं, ते आमचं. दाणे पसाभर निघाले. साहेबांनी विचारलं, “बोला, किती आणे धरायचं?” कुणी बोलेना.

गप्प बसायला कारण होतं. आत्याची सोयरीक काळीकडच्या एका घरात चालली होती, आणि त्या गावचा एक पाहुणा पंचांच्या मागंच उभा होता. सोयरीक जुळवताना जो तो आपलं रान सोळा आणे सांगतो. चारचौघांत चार आणे म्हणायचं म्हणजे पोरीच्या डोक्यावरचा पदर आपणच ओढायचा. आजीनं घरातून निघताना आबांना बजावलं होतं, “दुसऱ्या कुणाला बोलू द्या.”

आबांनी ओंजळीतले दाणे साहेबांपुढं धरले. “तीन आणे लिवा, सायेब. चौथा वाऱ्यानं गेला.”

गावाचा सारा तहकूब झाला. सोयरीक मोडली. आत्याला दोन वर्षांनी सांगोल्याकडं दिलं, तिथलंही रान माळाचंच. आजी पुष्कळ दिवस आबांशी बोलत नव्हती. वाढायची, पण पुढं ताट सरकवून निघून जायची.

मग 1972 आलं. आमचं पेव उघडलं तर तळाला बोटभर ज्वारी, तीही काळी पडलेली. आई, चुलत्या खडी फोडायला गेल्या, आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. मिलोची तांबडी भाकरी घशाखाली उतरत नव्हती. रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 ला लागू झाला. त्याच्यामागं असे लाखो हात आहेत, आमच्या घरचेसुद्धा.

उजनीचं पाणी कालव्यानं आलं ते उत्तरेला. तिथं ऊस उभा राहिला, दामाजींच्या नावाचा साखर कारखाना उभा राहिला. आम्ही पाण्याच्या मागणीत म्हातारे झालो. आता दुष्काळ ठरवायची रीतही बदलली. केंद्राच्या 2016 च्या संहितेनंतर पावसाची तूट, जमिनीतली ओल, उपग्रहाला दिसणारा हिरवेपणा, असं सगळं तालुक्यावर मोजतात. पसाभर दाणे हातात घ्यायची गरज आधीइतकी राहिली नाही. मोजमाप बारीक झालं हे खरं. पण तालुका एकच धरला की भीमाकाठचा ऊस आणि आमचा मुरूम एकाच सरासरीत बसतात. एका हिरव्या रानानं गाव वर ओढलं जायचं, तसा आता अर्धा तालुका आम्हाला वर ओढतो.

म्हणून ग्रामसभेत मी तरुण पोरांना सांगतो, उपग्रह बघू दे वरून, पण तुम्ही मंडळाचा पाऊस लिहून ठेवा, गावाचं पीक कापून मोजा, सह्या घ्या. आणि आकडा विचारला की खरा सांगा, मग मागं कुणीही पाहुणा उभा असू दे. दामाजीच्या तालुक्यात कोठाराची किल्ली कुणाकडं तरी असतेच. त्याच्यापर्यंत आपली ओंजळ आपणच न्यायची असते.