गुंता

नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिला फटाका कोण उडवतो याची आमच्या आळीतल्या मुलांत मोठी चुरस असे. पण त्या फटाक्याच्याही आधी साऱ्या आळीला जाग येई ती माझ्या किंकाळीने. आजीने माझ्या केसांत फणी घातलेली असे.

आदल्या रात्री लोखंडी कढईत शिकेकाई, रिठे आणि आवळकाठी भिजत पडलेली असत. पहाटे ते पाणी उकळले, की त्याचा आंबूस-कडवट वास घरभर दरवळे. आजी पाटावर बसवून डोक्यावर तेल थापी, अंगाला उटणे लावी, आणि मग त्या काळ्या पाण्याचे तांबे ओती. डोळे मिटायला क्षणभर उशीर झाला तर दिवाळीचे दिवे दिसण्याआधी काजवे दिसत. भाऊ दोन मिनिटांत सुटे. मी मात्र अर्धा तास तिच्या गुडघ्यांत डोके धरून बसलेली. कारण माझे केस कुरळे होते. नुसते कुरळे नव्हेत. धुतले की फुलणारे, वाळले की पसरणारे आणि कुणाचेही न ऐकणारे.

आमचे उमरखेड तालुक्याचे गाव. यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी काठावर वसलेले. पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपतो आणि मराठवाडा सुरू होतो. गाव लहान असले की एक सोय असते. आपल्याविषयी आपल्याला जे ठाऊक नसते, ते दुसरे आपल्याला आठवणीने सांगतात. किराणा आणायला गेले तर दुकानदार म्हणे, "काय गं, आज विंचरलं नाही का?" शेजारच्या काकू म्हणत, "तेल लाव बाई, तेल!" शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी असा नियम होता. सकाळी आजी ओढून-ताणून वेण्या घाली. मधल्या सुट्टीपर्यंत अर्ध्या बटा रिबिनीतून पळ काढून कपाळावर येत. बाई म्हणत, "घरून नीट येत जा." मुलींनी माझे नाव 'खोपा' ठेवले होते. सुगरण पक्ष्याचा असतो ना, तो!

मी रडत घरी आले तेव्हा आजीने माझी समजूत घातली. म्हणाली, "अगं, खोपा म्हणजे घरटं, आणि खोपा म्हणजे बायकांचा अंबाडासुद्धा. चोचीनं एकेक काडी विणून केलेलं असतं ते. नाव काही वाईट ठेवलं नाही त्यांनी." समजूत चांगली होती, पण दहा वर्षांच्या मुलीला समजूत नको असते. तिला सरळ केस हवे असतात.

ते मला मिळाले विसाव्या वर्षी, आणि तेही फक्त दोन तासांपुरते! मावसबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी नांदेडला एका पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने तापलेल्या चिमट्याने एकेक बट दाबून काढली. आरशात पाहिले तर कोणी दुसरीच! वाऱ्याने केस उडतात, खांद्यावर येऊन पडतात, पुन्हा जागच्या जागी बसतात. एस.टी.त खिडकीची जागा मुद्दाम पकडली. हदगाव मागे पडले, आणि पैनगंगेच्या पुलाशी येतो न येतो तोच पावसाची सर आली. खिडकीची काच वर सरकेना. मी रुमाल घेतला, पदर घेतला, शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याची वर्तमानपत्राची घडीही डोक्यावर धरली. व्यर्थ! उमरखेडच्या स्थानकावर उतरले ती जशी गेले होते तशीच. नांदेडातले ते सरळ केस काही पूल ओलांडून विदर्भात आले नाहीत.

आजी दारातच उभी होती. मला पाहून ती पदर तोंडाला लावून हसली. पण मी जेव्हा तणतणत म्हणाले, "असले केस असण्यापेक्षा नसलेले बरे," तेव्हा तिचे हसू एकदम मावळले. तिने मला जवळ बसवून घेतले आणि पूर्वी कधीही न सांगितलेली गोष्ट सांगितली.

आजीची आजी बालविधवा होती. अंगावर लाल आलवण आणि डोक्यावरून घट्ट ओढून घेतलेला पदर. चौदाव्या वर्षी नवरा गेला आणि त्याच महिन्यात तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरला. पुढे तो मरेपर्यंत फिरत राहिला. आजी तेव्हा पाच-सहा वर्षांची. एकदा दुपारी म्हातारीचा डोळा लागला असताना पदर सरकला, आणि आजीने खेळता खेळता त्या डोक्यावरून हात फिरवला. म्हातारी दचकून उठली. रागावली नाही. नुसते म्हणाली, "माझेही तुझ्यासारखेच होते हो. कुरळे." आणि पदर पुन्हा ओढून घेतला.

"तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं," आजी म्हणाली, "आणि तू आपण होऊन नकोत म्हणतेस."

पुढे मी वाचले, तेव्हा कळले की तो वस्तरा ज्यांच्या हाती दिला जाई, त्यांनाही ते काम सोसवेनासे झाले होते. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव जमले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा त्यांनी ठराव केला. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपली मिळकत सोडून दिली, ती ज्यांच्याशी आपले नातेही नाही अशा बायकांच्या केसांसाठी. आजीच्या आजीपर्यंत त्या ठरावाचा वारा काही पोचला नाही. पण तेव्हापासून केसांविषयी कुरकुर करताना माझी जीभ जरा अडखळू लागली.

मग मी माझ्या केसांशी तह करायचे ठरवले. तह करायचा तर आधी प्रतिपक्षाचा स्वभाव कळायला हवा. विज्ञानाच्या पुस्तकांतून तो थोडा कळला. केस ज्या मुळातून उगवतो ते मूळच वाकलेले असले, की केस वळत वळत बाहेर येतो. सरळ केसाचा आडवा छेद बराचसा गोल असतो, कुरळ्याचा चपटा, लंबगोल. टाळूतले तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसावर त्याला घाटातल्या गाडीसारखी इतकी वळणे घ्यावी लागतात की ते वाटेतच थांबते. म्हणून तो कोरडा, म्हणून तो गुंततो. आणि एस.टी.तली माझी फजिती? केसाच्या आतले काही नाजूक दुवे पाणी लागताच सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. चिमट्याच्या उष्णतेने ते सरळ बसवलेले होते. पावसाने ते सोडवले, आणि केस आपल्या मूळ स्वभावावर गेले. त्यात केसाचा काय दोष? आणि आम्ही इतकी वर्षे करीत काय होतो, तर असे केस कोरडे असताना बारीक दातांच्या फणीने वरून खाली ओढीत होतो!

मी मोठ्या दातांचा कंगवा आणला. केस ओले असतानाच, टोकापासून वरवर जात, बोटांनी सोडवायला शिकले. मग कोणीसे सांगितले की जवसाचा लेप कुरळ्या केसांना उत्तम. जवस म्हणजे आमच्या विदर्भातल्या स्वयंपाकघराचा जुना सोबती. भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि वर कच्चे तेल असले की जेवण झाले. अर्धी वाटी जवस चार वाट्या पाण्यात उकळत ठेवले. पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखे चिकट झाले. ते गरम असतानाच गाळावे लागते हे मला ठाऊक नव्हते. थंड झाल्यावर गाळू गेले तर ते गाळणीला लोंबकळत राहिले. शेवटी आजीने आपल्या जुन्या पातळाचा तुकडा दिला, त्यातून पिळून काढले आणि पातेले ओट्यावर ठेवून मी न्हायला गेले. परत येते तो धाकट्या भावाने ते कढी समजून भातावर वाढून घेतलेले! "मीठ कमी आहे," एवढेच तो म्हणाला. आजी म्हणाली, "आमच्या वेळी जवस पोटात जात होता, आता डोक्यावर चढला." पण केस वाळले तेव्हा तीच माझ्या मागे येऊन उभी राहिली. एकेक बट सुटी, मऊ, जास्वंदीच्या कळीसारखी पीळ घेतलेली. तिने एक बट ओढली आणि सोडली. ती टुणकन वर गेली. आजीने पुन्हा ओढली. असा तिचा खेळ बराच वेळ चालला.

घरी मी शिवणाचे काम करते. ब्लाऊज बेतले की कापडाच्या चिंध्या उरतात. त्यांचे मी केसांना बांधायचे पट्टे करू लागले. आमच्या भागात बंजारा तांडे पुष्कळ. आठवडी बाजारात तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाई भेटल्या. गालांवर केसांत गुंफलेल्या घुगऱ्या आणि टोपल्या रुळताहेत, ओढणीवर आरसे चमकताहेत. मी त्यांच्या दागिन्यांकडे पाहत होते आणि त्या माझ्या केसांकडे. दोघींना एकाच वेळी हसू आले. आरसा कापडात पक्का बसावा म्हणून त्याच्याभोवती टाके कसे घालायचे, ते त्यांनी मला भाजीच्या पाट्यांमध्ये बसून शिकवले. त्या दिवसापासून माझ्या पट्ट्यांना आरसे आले. पुढे अजिंठ्याला गेले तेव्हा 17 क्रमांकाच्या लेण्यात हातात आरसा घेऊन शृंगार करणारी ती राजस्त्री पाहिली, भिंतीभिंतीवरच्या स्त्रियांचे तऱ्हेतऱ्हेचे केशबंध पाहिले, कपाळावर मोकळ्या सोडलेल्या कुरळ्या बटा पाहिल्या. मनात म्हटले, दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारांना कोणी सांगितले नाही वाटते, 'आधी तेल लावून चापून बसवा' म्हणून!

आपल्याकडचेच काय, जगभर हे असेच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना आपले कुरळे केस पिढ्यान्‌पिढ्या सरळ करून घ्यावे लागले, नाहीतर शाळेत आणि नोकरीत बोलणी. 2019 साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून कोणाला वेगळे वागवायचे नाही. केस जसे उगवतात तसे ठेवण्यासाठी कायदा लागावा, ही गोष्ट ऐकायला किती साधी आणि किती अवघड!

ती अवघड का, हे मला गेल्या वर्षी आमच्याच आळीत कळले. माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या एका बाईची आठ वर्षांची मुलगी. केस माझ्यासारखेच. श्रावणात तिला ताप आला, तीन आठवडे अंथरुणावर होती. उठली तेव्हा मानेवर केसांचा एक कडक गोळा झालेला. कोणी म्हणाले, "जट आली. देवीची आहे. फणी लावू नका." आई घाबरून गेली. मुलीला शाळेत धाडीना.

जट म्हणजे काय ते मी वाचले होते. दक्षिण महाराष्ट्राच्या सीमाभागात मुलीला जट आली की तिला यल्लम्माचे बोलावणे आले असे समजत आणि कितीतरी मुली त्या एका गुंत्यापायी देवीला सोडल्या गेल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजुती घालघालून अशा अनेक बायकांना जटांच्या ओझ्यातून मोकळे केले आहे. न विंचरलेले, न धुतलेले केस मळाने आणि घामाने एकमेकांत रुततात. याहून अधिक त्यात काही नसते. पण हे त्या आईला सांगून काय उपयोग? ती म्हणाली, "ताई, कोप झाला तर? मले ही एकच लेक हाय."

मी गप्प झाले. उत्तर आजीने दिले. "कोप व्हायचा तर माझ्यावर होऊ दे. माझी सगळी दिवाळी-दसरे पाहून झाली. पोरीला इथं बसव."

तीन दुपारी आम्ही बसलो. कोमट खोबरेल तेल, माझा जवसाचा लेप, मोठा कंगवा आणि आजीची विणकामाची बोथट सुई. टोकापासून सुरुवात. एकेक केस सुटे तसतशी पोर विचारी, "अजून किती?" आणि आजी तिला पूर्वी मला सांगायची त्याच गोष्टी सांगे. पहिल्या दिवशी आई दाराशी उभी होती. दुसऱ्या दिवशी ती आत येऊन बसली. तिसऱ्या दिवशी बोराएवढी एक गाठ तेवढी राहिली. ती काही केल्या सुटेना. मी शिवणाची कात्री उचलली, पण हात पुढे होईना. मुलगी माझी नव्हती, भीतीही माझी नव्हती.

आई उठली. तिने माझ्या हातातून कात्री घेतली, क्षणभर डोळे मिटले, आणि ती गाठ स्वतःच्या हाताने कापली. मग बराच वेळ मुलीच्या डोक्यावरून बोटे फिरवीत राहिली. कुठे काही अडत नव्हते.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला पहाटे आमचे दार वाजले. आजी माझ्या केसांवर शिकेकाईचा तांबा ओतीत होती. बाहेर ती पोर उभी. न्हाऊन आलेली, ओले केस खांद्यावर, प्रत्येक बटेच्या टोकाला पाण्याचा थेंब.

"ताई, आरशावाला पट्टा द्या ना. लाल."

मी तो तिला बांधला. तोवर आळीत पहिला फटाका वाजला. आजी म्हणाली, "यंदा कोणी किंचाळलं नाही, तरी लोक वेळेवर उठले म्हणायचे!"