दुसऱ्यांदा पाहणं

नर्सिंगच्या मुली ग्रामीण प्रशिक्षणासाठी आमच्या वेल्हे भागात येतात, तेव्हा मी आधी त्यांच्या वह्या मागते. रक्तदाब कसा घ्यावा, कॅथेटर कसं घालावं, इंजेक्शन कुठं आणि किती कोनात द्यावं, हे सगळं त्यांनी नेटकं लिहिलेलं असतं. या मुली मन लावून शिकतात आणि त्यांचे हातही लवकर तयार होतात. वही वाचून येत नाही ती एकच गोष्ट, आणि तीच शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ती म्हणजे रुग्णाकडं परत जाऊन पाहणं. एका नोंदीतून फक्त आकडा मिळतो. दोन नोंदींमधला फरक पाहिला की रुग्ण सुधारतोय की खचतोय, ते कळतं.

विंझर हे नसरापूरहून वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं, राजगड-तोरण्याच्या परिसरातलं भाताचं गाव. पाऊस लागला, खाचरं भरली आणि लावणी सुरू झाली की सापांचे दिवस येतात. त्यात मला सगळ्यात जास्त धास्ती मण्यारीची. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागेवर सूज नसते, दुखत नाही, दातांची खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ आली म्हणून माणूस येतो. नाडी बरी, रक्तदाब बरा, ऑक्सिजन ९८. पहिल्या तपासणीवर विसंबलं तर पित्ताची गोळी देऊन त्याला घरी पाठवलं जाईल.

अशा वेळी मी मुलींना रुग्णाजवळ बसवते. “मामा, मान न हलवता माझ्या बोटाकडं वर बघा. तसंच बघत राहा.” पापण्या जड होऊन मिटू लागतात का, ते पाहायचं. उशीवरून मान उचलता येते का, ते पाहायचं. मग एका श्वासात १, २, ३ असे आकडे मोजायला सांगायचं आणि कुठवर पोचले ते वेळेसह लिहायचं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. आधी २५ पर्यंत गेलेला माणूस आता १८ वर थांबला, तर विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचलं आहे. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा त्या वेळीही चांगलाच दिसतो, कारण तो सगळ्यात शेवटी घसरतो. म्हणून डॉक्टरांना हाक मारायची ती या टप्प्यावर. हातानं श्वास देण्याची अँब्यू बॅग उशाशी हवी आणि १०८ ची गाडी दारात.

घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठतं का ते पाहावं लागतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. काचेची स्वच्छ, कोरडी नळी घ्यायची, तिच्यात २ मिली रक्त काढायचं आणि ती २० मिनिटं न हलवता उभी ठेवायची. मग एकदा आडवी करून पाहायची. रक्त वाहिलं तर ते गोठत नाही. साबणानं धुतलेली नळी इथं दगा देते, नळी मध्येच हलवून पाहणारा अधीर हातही दगा देतो. पहिली चाचणी चांगली आली तरी ती ठरावीक वेळानं परत करायची असते. सर्पविषावरचं औषध सुरू झालं की सुरुवातीची मिनिटं रुग्णाजवळून उठायचं नाही. खाज, गांधी, घशात आवळल्यासारखं वाटणं यातलं काहीही दिसलं तर आधी ते औषध थांबवायचं, आणि अ‍ॅड्रेनलिन त्याआधीच भरून ठेवलेलं असायला हवं.

वेल्ह्यातून मढे घाटानं खाली उतरलं की महाडचा मुलूख लागतो. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तेव्हा डोळ्यांदेखत दगावत होती. डॉ. बावस्कर रात्र रात्र रुग्णांच्या खाटेशी बसले. घाम कधी फुटतो, हातपाय कधी गार पडतात, रक्तदाब कधी चढतो, फेसाळ खोकला कधी येतो, हे त्यांनी क्रमानं टिपलं. त्या नोंदींमधून विंचवाचं विष हृदयाला आणि फुप्फुसांना कसं धरतं हे उलगडलं आणि प्राझोसिन हे साधं औषध उपयोगी पडलं. मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या घरातून १ टक्क्याच्या आसपास आलं. ते डॉक्टर, पण त्यांनी रुग्णाच्या उशाशी जे केलं ते आमच्या विद्येचं मूळ आहे. मुलींना मी हे मुद्दाम सांगते. आपण लिहितो ते घामाचे, गार हातांचे तपशील कारकुनी नव्हेत, त्यांच्यावर औषध ठरतं.

रुग्णाला जसं परत पाहायचं, तसं स्वतःच्या हातालाही. औषधाच्या कुपीवरचं नाव तीनदा वाचावं: उचलताना, भरताना आणि कुपी टाकण्याआधी. इन्सुलिनची बाटली आपल्याकडं ४० युनिटांचीही मिळते आणि १०० युनिटांचीही. पहिलीला लाल टोपणाची सिरिंज, दुसरीला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिटं जातात आणि साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून पाहायला दोन क्षण पुरतात.

नावाचंही तसंच. आमच्याकडं अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आणि आजींची नावंही त्याच चार-पाचांत फिरणारी. “तुम्ही पार्वताबाई ना?” असं विचारलं तर तापानं ग्लानीत असलेली कुणीही आजी “व्हय बाई” म्हणते. म्हणून नाव आपण उच्चारायचं नाही. “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव कुठलं?” असं विचारायचं आणि उत्तर केसपेपरशी जुळवायचं. सकाळी विचारलं असलं तरी दुपारच्या औषधाला पुन्हा विचारायचं.

पुण्यात शस्त्रक्रिया होऊन किंवा अर्धांगाचा झटका येऊन माणसं घरी परततात, तेव्हा खरी शुश्रूषा विंझरच्या ओटीवर सुरू होते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, गोधडी दमट राहते, पाठीखाली घडी पडते. माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर लालसर डाग दिसतो. तो बोटानं दाबला की पांढरा व्हायला हवा. दाबूनही लालच राहिला, तर आतल्या कातडीला इजा व्हायला लागली आहे आणि दाब हटला नाही तर पुढं तिथंच जखम होणार आहे. दर दोन तासांनी कूस बदलणं, त्या वेळी पाठ नीट पाहणं, चादर ताणून घालणं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी ठेवणं, हे घरातल्या सुनेला आणि मुलालाही जमतं. मात्र समोर करून दाखवावं लागतं, आणि चार दिवसांनी जाऊन ते होतंय का हे पाहावं लागतं.

या साध्या कामाची उंची पाहायची असेल तर मुंबईचं केईएम रुग्णालय आठवावं. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या कितीतरी तुकड्या आल्या, निवृत्त झाल्या, पण अरुणाताईंच्या अंगावर शय्याव्रण झालं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात त्या परिचारिकांच्या सेवेचं मनापासून कौतुक केलं. एवढ्या वर्षांत दर पाळीला कुणीतरी त्यांची पाठ पाहिली होती.

पाहिलेलं लिहिलं नाही तर पुढच्या पाळीची परिचारिका पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. म्हणून नोंदीत वेळ हवी आणि नेमके शब्द हवेत. ‘रुग्ण ठीक’ या दोन शब्दांचा कुणालाच उपयोग नाही. श्वास पूर्ण १ मिनिट मोजावेत, तेही मनगट हातात धरून, नाडी मोजल्यासारखं करून. आपले श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. लावणीच्या चिखलातून आलेल्या गार, सुरकुतलेल्या बोटावर ऑक्सिमीटर भलताच आकडा दाखवतो. आधी ते बोट पुसून, चोळून गरम करावं आणि मगच लिहावं.

परत जाऊन पाहण्यातली ताकद गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं सिद्ध केली. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांच्या घरी पुन्हा पुन्हा पाठवलं. बाळाचं वजन, श्वास, ऊब, दूध ओढणं या बायका तपासत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. एकाच भेटीवर भागवता येत नाही, हे त्या सहा तारखांत सरकारनंही मान्य केलं आहे.

परत जायला वेळ लागतो आणि वेळेला माणसं लागतात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका असा आहे. एकटीवर सबंध वॉर्ड टाकला तर ती औषधं वाटून पुरी करू शकते, पण दुसऱ्यांदा पाहू शकत नाही, आणि रुग्णाचं नुकसान तिथंच होतं. रिक्त जागा भरणं हा रुग्णांच्या जिवाचा प्रश्न आहे.

मुलींनो, पाळी संपवून निघण्याआधी ज्या रुग्णाची काळजी वाटते त्याच्याकडं एकदा परत जा. आणि वाचकांनो, तुमचं माणूस दवाखान्यात असताना परिचारिका पुन्हा पुन्हा आली, झोपमोड केली, तेच नाव तिसऱ्यांदा विचारलं, तर तिच्यावर चिडू नका. ती बराच वेळ आली नाही, तर मात्र तिला जरूर बोलवा.