जिताडा, उघाडी आणि पाच वर्षांची पार्टनर

अमेरिकेत वसंत आला की बापमंडळी पोराटोरांना घेऊन तळ्यावर 'बास' पकडायला निघतात. चकचकीत रॉड, टोप्या, बोटी, सगळा थाट. पेणच्या खारेपाटात यातलं काही नाही, पण मासा मात्र रुबाबदार आहे. जिताडा! बंगाली लोक त्याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात हाच बारामुंडी. आमच्याकडे कुणाच्या घरी अख्खा जिताडा पोचला, तर समजावं, जावई आलाय किंवा कुणाचं तरी काम अडलंय.

होळीनंतरच्या शनिवारी लेकीला घेऊन काकांकडे गेले. पौर्णिमेचं उधाण, म्हणजे भरती दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास. ऐन उन्हात! रोज ही वेळ पाऊणएक तासाने पुढे सरकते, त्यामुळे तुमचा वीकेण्ड आणि खाडीचा वीकेण्ड जुळेलच असं नाही. (रोह्याकडे कुंडलिका आहे, भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे एप्रिलमध्येही वाहती. पण पाणी सुटलं की पातळी झपकन वाढते. लहान मूल सोबत असेल तर मी तिथे जात नाही.)

खारेपाट म्हणजे मातीच्या बांधांनी खाडीपासून राखलेली भातशेती. बांधात झडपेची उघाडी असते. ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं, भरतीला झडप मिटते. ओहोटी लागली की आतली कोळंबी, बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर येते आणि जिताडा तोंडाशीच दबा धरून बसतो. रॉडबिड नको. नायलॉनची दोरी, गरी आणि जिवंत कोळंबी पुरे.

पाच वर्षांच्या मुलाचा पेशन्स वीस मिनिटांचा. मग तिने खेकड्यांची बिळं मोजली, दोनदा पाणी मागितलं, तीनदा 'आला का?' विचारलं. "हलू नको गो बाय," काका म्हणाले आणि तेवढ्यात दोरी ताणली.

वीतभर जिताडा. चंदेरी, रागावलेला.

"याची आई कुठेय?" लेकीचा प्रश्न.

काकांनी सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. मी नंतर पुस्तकात पाहिलं, खरंच आहे.

"म्हणजे हाच आई होणार?"

"व्हायची असली तर."

काकांनी तो बादलीत टाकला. घरामागच्या तळ्यात सोडायचा, दोन-तीन वर्षं वाढवायचा, मग विकायचा, ही इथली जुनी रीत. त्यांच्या एका शेताच्या बांधाला खांड पडली, खारं पाणी शिरलं, आता तिथे भाताऐवजी कांदळवन आहे. तळं म्हणजे त्यांचा हक्काचा पैसा. पण तळ्यातला जिताडा पिल्लं घालत नाही. त्यासाठी त्याला खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात जावं लागतं.

"मग तळ्यात तो आई कशी होणार?"

खरं सांगू? मी काकांच्या बाजूची होते. एक वीतभर मासा सोडल्याने खाडी भरत नाही, आणि काकांची तर बादलीच रिकामी होणार होती. काही बोलणार, तोवर त्यांनी बादली तिच्यापुढे सरकवली.

"तुझ्या दोरीला लागला. तूच बघ."

तिने दोन्ही हातांनी बादली कलती केली. मासा क्षणभर चिखलात तडफडला, मग गढूळ पाण्यात नाहीसा झाला.

काकांनी गरीला दुसरी कोळंबी लावली. ओहोटी अजून बरीच बाकी होती.