वहीसकट कॅमेरा

खर्डा, ता. जामखेड
वैशाख

चि. बाळास,



तू फोनवर पाठवलेले चारही फोटो पाहिले. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण सांगायचं बरंच आहे आणि ते तू दोनदा वाचावंस असं वाटतं, म्हणून कागद घेतला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जुन्या बाजारातला तो सोनेरी लायका घेऊ नकोस. विकणारा चाळीस हजारांवरून तिसावर आला आणि रविवारपर्यंत थांबतो म्हणाला, हे वाचलं. पण सोन्याचा मुलामा, वर कोरलेला गरुड आणि मखमलीची पेटी बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. रविवारी जा आणि त्याला विचारून लेन्स फिरवून काढ. आत डोकावलंस की वरच्या बाजूला एक लहान दांडी दिसेल. लेन्सच्या मागच्या कडेला टेकून ती अंतर मोजायची यंत्रणा हलवते. खऱ्या लायकात तिच्या टोकाला गोल चाक असतं. तुला पाचरीसारखं निमुळतं टोक दिसलं, तर तो फेड किंवा झोर्की आहे, सोव्हिएत कारखान्यातला. असे कितीतरी कॅमेरे नंतर कुणीतरी घासून, मुलामा देऊन, जर्मन अक्षरं कोरून विकायला काढले.

तसा निघाला तरी त्या कॅमेऱ्याचा राग करू नकोस. फेड बनायला लागला १९३४ साली, खारकिव्हला, अंतोन मकारेन्को या शिक्षकानं वाढवलेल्या अनाथ मुलांच्या वसाहतीत. लायकाची नक्कल होती खरी, पण ती पोरक्या मुलांनी शिकून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झुंजून केलेली नक्कल होती. खोटेपणा नंतरच्या मुलाम्यात आहे, मुलांच्या हातात नव्हता. साधा, काळा, झिजलेला फेड दोन-तीन हजारात कुणी दिला, तर जरूर घे.

किमतीचं वेड कुठून येतं ते मला कळतं. जून २०२२ मध्ये जर्मनीत वेत्झलारच्या लिलावात लायकाच्या शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोला गेला. आपले शंभर कोटींहून जास्त रुपये झाले! त्या मालिकेतले कॅमेरे झालेच होते जेमतेम तेवीस, आणि हा तर लायका घडवणाऱ्या ऑस्कर बार्नाकचा स्वतःचा. बार्नाकला दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटा आणि लाकडी कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना, म्हणून सिनेमाची पट्टी आडवी चालवून त्यानं खिशात मावणारा कॅमेरा केला. दम्यानं बेजार झालेल्या एका माणसाची गरज त्या यंत्रात आहे, म्हणून ते मला मोठं वाटतं. शंभर कोटींचा आकडा ऐकून माझ्या पोटात काही हललं नाही. बार्नाकचं नाव त्यावर कोरलंय हे वाचलं तेव्हा हललं.

मुंबईच्या दिलीश पारेखांचं नाव तुला ठाऊक असेलच. १९७७ पासून जमवत जमवत त्यांनी ४,४२५ जुने कॅमेरे केले आणि गिनीज बुकात गेले. एवढा ध्यास धरायला छाती लागते, आणि त्यांच्यासारख्यांनी उचलले नसते तर त्यातले निम्मे पितळेच्या भावानं वितळले असते. माझ्या कपाटात एकतीस आहेत. त्यातला एकही लिलावात कुणी विचारणार नाही. दुर्मिळ हा शब्द मात्र मी त्यांच्यासाठी मोकळेपणानं वापरतो, आणि तो का, हेच तुला सांगायचंय.

माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. वडोदऱ्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. त्यात १२० चा रोल, बारा फोटो. तुझ्या आजीचा पंढरपूरच्या वाळवंटातला फोटो त्याच्यावरचाच. त्या काळी घरोघरी होता, म्हणून आज त्याला कुणी भाव देत नाही. पण चालू स्थितीतला, शिवणीवर न फाटलेल्या चामडी कव्हरासकट मिळतो का ते शोधून बघ. जे सगळ्यांकडे असतं ते कुणीच जपत नाही, आणि मग एक दिवस ते कुणाकडेच नसतं.

दुसरा याशिका, दोन डोळ्यांचा. आपल्या भागातल्या लग्नांचे फोटो कितीतरी वर्षं असल्याच कॅमेऱ्यांनी काढले. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे नवखा माणूस नवरदेवाला मधे घ्यायला जातो आणि नवरदेव आणखीच बाहेर सरकतो. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा तर फोटोग्राफरला समोरच्यापुढे मान खाली घालावीच लागते. ऊसतोडीला निघालेलं जोडपं असो की सरपंच, मान सगळ्यांपुढे सारखीच वाकते. आणि लेन्स पोटाच्या उंचीवर असल्यानं समोरचा माणूस ताठ, थोडा थोराड दिसतो. जुन्या फोटोंतली आपली माणसं इतकी भारदस्त का दिसतात, याचं निम्मं उत्तर याशिकाच्या उंचीत आहे.

आता माझ्या चुकीकडे येतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी बालाघाटाच्या पायथ्याच्या एका गावातला जुना स्टुडिओ बंद झाला. नाव लिहीत नाही. तिथे सागवानी फील्ड कॅमेरा होता. पितळी कोपरे, लालसर चामड्याचा भाता, डोक्यावर घ्यायचा काळा कपडाही शाबूत. उष्ण मुलुखांसाठी विलायतेतले कारखाने मुद्दाम साग आणि पितळ वापरून असे कॅमेरे करत. लाकूड वाकू नये, सांधे सुटू नयेत म्हणून हा खटाटोप. मी पैसे मोजले, कॅमेरा गोधडीत गुंडाळला आणि एसटीनं घरी आणला. पाच पेट्या काचेच्या निगेटिव्हच्या होत्या आणि चार लांबट वह्या होत्या. मालकाचा मुलगा म्हणाला, हेही न्या. मी म्हणालो, पुढच्या फेरीला नेतो.

पुढची फेरी पावसाळ्यानंतर झाली. तोवर काचा गरम पाण्यात बुडवून, खरवडून स्वच्छ केल्या होत्या. काही देवादिकांच्या तसबिरींना बसवल्या, काही खिडकीला. वह्या रद्दीत गेल्या. मुलाचा काही दोष नव्हता, त्याच्या दृष्टीनं ती चांगली जाड काच होती. मी ओसरीवर बसलो होतो आणि समोर विठ्ठलाच्या तसबिरीवर ऊन पडलं होतं. काचेच्या एका कोपऱ्यात नखाएवढा भाग खरवडायचा राहिला होता. त्यात लुगड्याचा काठ दिसत होता आणि एक हात. बाईचा, बांगड्या भरलेला, खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला. कोण होती ते सांगणारी वही गेली होती. तो कॅमेरा आजही माझ्याकडे सगळ्यांत देखणा आहे, येणारा-जाणारा त्याच्याच शेजारी उभं राहून फोटो काढून घेतो. मला त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही.

रिकामा कॅमेरा आणि वहीसकट कॅमेरा यांतलं अंतर मला त्या दिवशी कळलं. स्टुडिओची वही तू कधी पाहिली नसशील. तारीख, नाव, गाव, साइज, प्रती किती, आगाऊ किती, बाकी किती. मी पुढे जी एक वही मिळवली तिच्यात लग्नसराईची पानं भरगच्च आणि बहात्तरच्या दुष्काळातली पानं जवळजवळ कोरी आहेत. एका ओळीत नुसतं 'मयत, घरी जाऊन' असं लिहिलंय. कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसाचा आयुष्यातला पहिला फोटो तो गेल्यावर, भिंतीला टेकवून बसवून काढलेला असायचा. ओळीपुढे बाकी तीन रुपये, आणि त्यावर काट. बाकी सोडून दिली की वसूल झाली, कळत नाही. मी त्या काटेवर किती तरी वेळ थांबलोय.

नोंद कुणाची उरते, ते आपल्या गावावरूनच बघ. आपल्या गावाचं नाव इतिहासात आहे ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. पेशव्यांच्या निशाणाखाली शिंदे, होळकर, भोसले असे सगळे सरदार एकत्र आले ते इथेच शेवटचे. निजाम मागे सरून याच किल्ल्याच्या भिंतींआड शिरला. १७४३ मध्ये निंबाळकरांनी बांधलेला तो किल्ला. संध्याकाळी मी तिकडे फिरायला जातो. त्या लढाईत हजारो माणसं उतरली, पण चेहरे किती जणांचे उरले? सवाई माधवराव आणि नाना फडणवीस दिसतात, कारण जेम्स वेल्स नावाचा चित्रकार त्याच सुमारास पुण्यात होता. त्याच्या हाताखाली आपला गंगाराम तांबट वेरूळची लेणी कागदावर उतरवत होता. त्याच काळात हिंदुस्थानभर फिरलेले डॅनियल काका-पुतणे तर भिंगातून कागदावर पडणारं दृश्य गिरवायचे. म्हणजे कॅमेऱ्याची पेटी होती, भिंगही होतं. ते दृश्य कागदावर टिकवून ठेवणारं रसायन मात्र १८३९ पर्यंत जगापुढे आलं नाही. मग १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद, त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढणारे. तरीही इथल्या माळावरच्या बैलवाल्याला, बारगिराच्या पणतवाला, बांगड्या भरलेल्या त्या बाईला चेहरा मिळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि तो मिळाला तालुक्याच्या स्टुडिओतल्या असल्याच कॅमेऱ्यातून, दोन-चार रुपयांत. ज्यांची बखर कुणी लिहिली नाही त्यांची नोंद त्या पेट्यांत होती. ती मी पुढच्या फेरीवर टाकली.

म्हणून म्हणतो, लायकाचा क्रमांक बघून दुर्मिळ ठरवू नकोस. आपल्या माणसांनी घडवलेले कॅमेरे बघ. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. केरळात अलप्पुळाला करुणाकरन यांनी १९४६ मध्ये सागवानी 'वागीश्वरी' कॅमेरे बनवायला सुरुवात केली, आणि ते देशभरातल्या स्टुडिओंत गेले. वागीश्वरी दिसला तर मला मध्यरात्री फोन कर. त्याच्या लाकडाला आपल्या स्टुडिओंतल्या फोटो धुवायच्या हायपोचा वास असतो.

जपणुकीचं थोडं लिहितो, कारण तुझं पुण्यातलं घर पावसाळ्यात दमट. हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की लेन्समध्ये बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि तिचं आम्ल काचेवरचा लेप खातं. चामडी कव्हरात कॅमेरा ठेवून देऊ नकोस, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. आमच्याकडे उलटं. पर्जन्यछायेतला मुलूख, त्यामुळे लेन्स लखलखीत राहतात, पण भाते वाळून घड्यांवर तडकतात. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बॅटरी लावून बघायचं, भोकं चांदण्यांसारखी दिसतात. शटर संथ वेगावर अडकत असेल तर शिलाई मशीनचं तेल घालू नकोस, आणि जुन्या कॉम्पुर शटरचा सेल्फ टायमर ओढूच नकोस. एकदा अडकला की सगळं उघडावं लागतं.

आता खरं काम. भूमकडच्या रस्त्यावर एका गावात आणखी एक स्टुडिओ बंद होतोय. मालक दिवाळीत वारले. त्यांच्या पत्नीशी मी दोनदा बोललो. कॅमेरे साधेच आहेत, एक याशिका, एक पेंटॅक्स, एक जुनी पेटी. पण निगेटिव्हच्या दोन लोखंडी ट्रंका आहेत आणि वह्या एकोणीस आहेत. सगळं द्यायला त्या तयार आहेत, अट एकच, की गावातल्या कुणी आपल्या माणसाचा फोटो मागितला तर द्यायचा. मी शब्द दिलाय. पावसाच्या आत ट्रंका हलवायला हव्यात, त्या खोलीचे पत्रे गळतात.

माझी नजर आता निगेटिव्ह वाचायला पुरत नाही आणि स्कॅनर मला चालवता येत नाही. तुझे ते तीस हजार स्कॅनरला आणि कागदी पाकिटांना लागतील. प्लॅस्टिकची पाकिटं नकोत, इथल्या उन्हाळ्यात चिकटतात. येताना सुती हातमोजे आण, मऊ ब्रश आण, आणि १२० चे दोन रोल आण, कृष्णधवल. त्या बाईंचा फोटो त्यांच्या यजमानांच्याच याशिकानं काढायचा आहे. सगळ्या गावाचे फोटो त्या घरात आहेत, त्यांचा एकही नाही.

पुण्याहून जामखेडची गाडी धर. स्टँडवर मी असेन.

तुझा,
मामा