शत्रूच्या पाणबुडीतली माणसं

हिंदूराव रुग्णालयाच्या उताराला आमचं घर आहे. बायजाबाई शिंद्यांचे बंधू, कागलकर हिंदूराव घाटगे यांचं नाव दिल्लीच्या या टेकडीनं अजून सांभाळलं आहे. इथंच बाबांबरोबर मी ‘दास बूट’ पाहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीची गोष्ट सांगणारा वोल्फगांग पीटरसनचा १९८१चा हा चित्रपट पुढं १९८५मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर तीन भागांत मालिका होऊन आला. ती लांब आवृत्ती आम्ही तीन रात्री पाहिली.

बाबा १९७१च्या पिढीतले. ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं दीवजवळ आपली ‘खुकरी’ युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ते दुःख बाबांच्या मनात ताजं आहे. पहिल्या रात्री पडद्यावरची पाणबुडी पाहून ते म्हणाले, “बुडाली तर बुडू दे.”

तिसऱ्या रात्री ती पाणबुडी, यू-९६, जिब्राल्टरजवळ समुद्राच्या तळाला जाऊन टेकली. वर येण्याची आशा नाही. आत पाणी शिरतंय, हवा विटत चाललीय, श्वास पुरवून वापरायचा म्हणून कोवळी पोरं निपचित पडलीत. बाबा खुर्चीत पुढं सरकून बसले होते. पाणबुडी हलली आणि त्यांच्या तोंडून निघालं, “आली रे, वर आली!” मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

या चित्रपटाच्या लॉस एंजेलिसमधल्या खेळाची आठवण पीटरसन सांगत. जर्मन पाणबुड्यांवरच्या ४० हजारांपैकी ३० हजार जण परतले नाहीत, ही सुरुवातीची पाटी वाचून तिथल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. खेळ संपल्यावर तेच प्रेक्षक उभे राहून दाद देत होते.

म्हणून काही हिटलरचं युद्ध न्याय्य ठरत नाही. याच पाणबुडीनं पेटवलेल्या जहाजावरचे खलाशी मदतीसाठी पाण्यात उड्या घेतात आणि कप्तान पाणबुडी मागं घेतो. तो प्रसंगही ही मालिका आपल्याला पाहायला लावते. मारणारा आणि मरणारा एकच माणूस असतो, हे सोसायला कठीण आहे. पण युद्धाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं ते सोसायला हवं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना बाबा आपणहून म्हणाले, “विशाखापट्टणमला बुडालेल्या पाकिस्तानच्या ‘गाझी’ पाणबुडीतही पोरंच असतील.” ‘खुकरी’चं दुःख त्यानं तसूभरही कमी झालं नव्हतं.

‘शत्रू’ म्हटलेल्यांची आठवण आमच्या घराजवळही आहे: रिजवरचा अजितगड. १८५७च्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं पडलेल्यांसाठी त्यांनी १८६३मध्ये उभारलेला हा मनोरा. त्यावरच्या लेखात आपली माणसं ‘शत्रू’ आहेत. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२मध्ये, तिथं नवी पाटी लागली: ज्यांना इथं शत्रू म्हटलं आहे, ते परकी सत्तेविरुद्ध शौर्यानं लढलेले लोक होते.

जुना लेख मात्र कुणी खोडला नाही. इंग्रजांच्या मृतांची नोंद आजही तिथं आहे, आणि आपली पाटीही.