शेजारची खाट

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरची ख्रिस्तसभा मिशन रविवार पाळते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली ही प्रथा सुरू केली. त्या दिवशी वर्गणी गोळा होते, दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांचे स्मरण होते आणि आम्ही धर्मगुरू प्रेषितकार्याच्या हाकेविषयी प्रवचन करतो. सेमिनरीतून बाहेर पडल्यापासून आम्ही हे प्रवचन दरवर्षी करीत आलो. काही वर्षांपूर्वी मात्र ते लिहिताना आमची लेखणी अडली. कारण त्याच आठवड्यात धंतोलीत ती हाक आमच्या कानी पडली होती आणि आम्ही ती टाळली होती.

नागपूरकरांना धंतोली म्हणजे डॉक्टरांची वस्ती. जागोजागी रुग्णालये, औषधांची दुकाने आणि पायरीवर डबा सोडून बसलेले गडचिरोली-चंद्रपूरकडचे, बालाघाट-छिंदवाड्याकडचे नातलग. अशाच एका रुग्णालयात आमच्या धर्मग्रामातील एका आजींना रुग्णाभ्यंग संस्कार देण्यासाठी आम्ही गेलो होतो. संस्कार आटोपला. तेलाची कुपी आम्ही खिशात ठेवीत होतो, तोच शेजारच्या खाटेवरील म्हाताऱ्याने हात जोडले. "बाबाजी, मायासाठी बी देवाजवळ दोन शब्द बोला जी."

मागणे एवढेच होते. पण आमच्या अंगात पांढरा झगा होता, गळ्यात क्रूस होता आणि इतर रुग्णांचे नातलग आमच्याकडे पाहत होते. वर्तमानपत्रांतले मथळे डोळ्यांपुढून सरकले. "हो, हो, करू प्रार्थना," असे पुटपुटून आम्ही जिना उतरलो. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो, तर त्या खाटेवर धुतलेली चादर घातलेली. पैसे संपले म्हणून मुलाने त्याला रात्रीच मेडिकलला हलवले, असे आजींनी सांगितले. आम्ही तडक मेडिकल गाठले. खिडकीपलीकडच्या माणसाने विचारले, "पेशंटचे नाव?" आम्ही त्याचे नावच विचारले नव्हते.

आम्ही एवढे का भ्यालो? या भीतीला आमच्या शहरात जुना इतिहास आहे. नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी असताना, १९५४ साली, राज्य सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. शाळा आणि दवाखाने धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात, असा ठपका समितीने १९५६ च्या अहवालात ठेवला. तो वाचून ख्रिस्ती समाज दुखावला गेला. परंतु प्रत्येक आरोप खोटा म्हणून झटकून टाकणे हाही प्रामाणिकपणा नव्हे. भाकर देताना मोबदल्याची अपेक्षा मनात असेल, तर ते प्रेषितकार्य नव्हे, तो व्यापार होय.

त्याच १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला, आज जिला दीक्षाभूमी म्हणतात त्या जागी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या सोहळ्यात डॉ. नियोगी यांनीही दीक्षा घेतली. धर्म हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा निर्णय असतो, हे एवढ्या ठसठशीतपणे दुसऱ्या कोणत्या शहराने पाहिले असेल? पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. त्या निकालाने आपल्यातील अनेकजण खिन्न झाले. आमच्या मते मात्र अंतःकरण पालटणे हे आपले काम कधी नव्हतेच. ते पवित्र आत्म्याचे काम आहे.

मग आपले काम कोणते? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज जाहीर केले. ख्रिस्तसभा स्वभावतःच प्रेषितकार्य करणारी आहे, असे एकाने सांगितले. धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे दुसऱ्याने बजावले. सेमिनरीत आम्ही हे दोन्ही अभ्यासले, परीक्षेत त्यांवर उत्तरेही लिहिली. पण बळजबरी नको याचा अर्थ त्या दिवशी आम्ही सोयीस्करपणे 'बोलायलाच नको' असा करून घेतला.

आमच्या शहरात येऊन गेलेली माणसे अशी नव्हती. सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे धर्मगुरू आल्प्सच्या कुशीतील सव्हॉय प्रांतातून आले आणि त्यांच्या परिश्रमांतून १८८७ साली नागपूर धर्मप्रांत उभा राहिला. स्टीफन हिस्लॉप तर आपल्या पंथाचेही नव्हते. स्कॉटलंडचा हा प्रॉटेस्टंट मिशनरी १८४५ साली नागपुरात आला. गोंड लोकांमध्ये बसून त्याने त्यांचे शब्द आणि त्यांच्या कथा टिपून घेतल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात त्याचा अंत झाला. त्याची टिपणे १८६६ साली प्रसिद्ध झाली. ज्याला शुभवर्तमान सांगायचे त्याची भाषा, त्याचे घरदार आधी समजून घ्यावे लागते, हे त्याने जाणले होते. आम्हांला तर एक नावसुद्धा विचारता आले नाही.

वाचकहो, 'मिस्सा' हा शब्दच मुळी लॅटिन भाषेतील पाठवणी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. दर रविवारी मिस्साबलिदानाच्या शेवटी आपणां सर्वांना पाठवले जाते, केवळ धर्मगुरूंना नव्हे. तुमच्यापैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी आप्तांचा डबा घेऊन धंतोलीच्या पायऱ्या चढता. मिशन रविवारी दान अवश्य द्या. पण शेजारच्या खाटेशीही क्षणभर थांबा.

आता रुग्णाभ्यंग झाला की आम्ही शेजारच्या रुग्णाचे नाव आणि गाव विचारतो. कोणी प्रार्थना मागितली, तर त्याच्या नातलगांदेखत, त्याला समजेल अशा शब्दांत करतो. नाही मागितली, तर पाणी हवे का एवढे विचारून निघतो. त्या म्हाताऱ्याचे पुढे काय झाले ते आम्हांला कधीच कळले नाही. दरवर्षी मिशन रविवारी आम्ही त्याच्यासाठी नावाविनाच प्रार्थना करतो. त्याने मागितलेले दोन शब्द आम्ही असे उशिरा बोलत आहोत.